निझ्वाच्या क्लिनिकमध्ये शिकलेली अरबी

ओमानला नोकरी लागल्याचं कळल्यावर चिपळूणला आमच्या आळीत सगळ्यांनी एकच धीर दिला, "तिकडे हिंदी चालतं, भाषेची काळजी करू नकोस." मस्कतपुरतं ते खरंही आहे. रुवी किंवा मत्रहच्या बाजारात दिवसभर हिंदीवर निभावतं. कितीतरी ओमानी लोक स्वतःच हिंदीत भाव सांगतात. पण मला क्लिनिक मिळालं ते निझ्वाला. मस्कतपासून साधारण १६० किलोमीटर आत, खजुराच्या बागा आणि उघड्या डोंगरांच्या मधोमध. मी फिजिओथेरपिस्ट. माझ्याकडे येणारे बहुतेक जण साठीच्या पुढचे, गुडघे, कंबर नाहीतर खांदा धरलेले. त्यांना हिंदीही येत नव्हतं आणि इंग्रजीही.

निघण्याआधी खरा उपयोगी सल्ला दिला तो शेजारच्या चाचींनी. नवऱ्याच्या नोकरीमुळे त्यांनी बरीच वर्षं कुवेतला काढली होती. त्या म्हणाल्या, "आधी जवाब शिक गो. सलाम काय, कोणी पण करतो." तेव्हा त्यातलं मर्म मला कळलं नाही. निझ्वाला पहिल्याच आठवड्यात कळलं.

अरबीत बोलायच्या रीतीची जवळजवळ प्रत्येक गोष्ट जोडीने येते. समोरच्याने एक म्हटलं की त्याचं ठरलेलं उत्तर असतं आणि ते आलं नाही तर माणूस थांबून राहतो, पुढचं बोलणं सुरूच होत नाही. 'अस्सलामु अलैकुम'ला 'व अलैकुमुस्सलाम' हे आपल्याकडेही सगळ्यांना माहीत असतं. पण 'सबाहल खैर' म्हटल्यावर उलट 'सबाहल खैर' म्हणत नाहीत, 'सबाहन्नूर' म्हणतात. पहिल्याने भल्याची सकाळ चिंतली, दुसऱ्याने प्रकाशाची. संध्याकाळी तसंच 'मसाअल खैर' आणि 'मसाअन्नूर'. अभिनंदनाच्या 'मबरूक'ला 'अल्लाह यबारिक फीक'. रमजानात 'रमदान करीम'ला 'अल्लाहु अकरम'. कुराणाच्या चौथ्या सूरेत, म्हणजे अध्यायात, एक आयत आहे, ८६वी: तुम्हाला कोणी अभिवादन केलं तर त्याहून चांगलं अभिवादन करा, निदान तेवढंच तरी परत करा. आमच्या फार्मसीतल्या ओमानी मुलीने ती मला म्हणून दाखवली आणि अर्थ सांगितला. मग उत्तरं नेहमी एक पायरी वरची का असतात ते लक्षात आलं. कोणी नुसतं 'अस्सलामु अलैकुम' म्हणालं तर म्हातारी माणसं उत्तरात 'व रहमतुल्लाही व बरकातुहू' जोडतात, ते याचसाठी.

मी एक दोनशेपानी वही केली. डाव्या पानावर समोरचा काय म्हणेल ते, उजव्या पानावर मी काय म्हणायचं ते. सगळं देवनागरीत. आपली लिपी या कामाला फार छान, कारण ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं जशीच्या तशी उतरतात. अडतं ते दोन-तीन घशातल्या आवाजांपाशी. 'अल्हम्दुलिल्लाह'मधला ह हा आपला ह नाही. तो घशाच्या तळातून, कोरडा, नुसत्या हवेचा येतो. चष्मा पुसण्याआधी काचेवर वाफ सोडतो तसा. 'हाल'मधला हसुद्धा तोच. रिकाम्या वेळात मी ट्रीटमेंट रूममध्ये हा एकच आवाज घोटत बसायचे. आमच्या रिसेप्शनवरची मिसरी, म्हणजे इजिप्तची, ताई दारातून ऐकायची आणि बरोबर आला की 'अय्वा!' म्हणून ओरडायची. दुसरा आवाज अलैकुमच्या सुरुवातीचा. तो घसा आवळून येतो आणि तो मला अजूनही घाईत असले की साधा 'अ' होऊन येतो. लोक समजून घेतात.

बाईशी आणि पुरुषाशी बोलताना शेवट बदलतो, हे मराठी माणसाला जड जात नाही. 'कसे आहात' विचारायला पुरुषाला 'कैफ हालक', बाईला 'कैफ हालिक'. पुस्तकात एवढंच असतं. निझ्वाच्या बायका मात्र एकमेकींना 'कैफ हालिश' म्हणतात. हा 'श' ओमानी बोलीची खूण आहे. मी 'हालिश' म्हणायला लागले त्या दिवसापासून बायकांच्या वॉर्डातलं वातावरण बदललं. एका वालिदाने तर माझा हात धरून शेजारणीला सांगितलं, "ऐकलंस का, आपल्यासारखं बोलते." हो, तिथे वडीलधाऱ्या बाईला 'वालिदा' आणि पुरुषाला 'वालिद' म्हणायचं, ओळखीची असो वा नसो. आई, वडील. नावाने हाक मारायचा प्रश्नच येत नाही. जवळीक वाढली की थोरल्या मुलाच्या नावावरून हाक मारतात, अमक्याची आई, 'उम्म अमुक'. माझं लग्न झालेलं आहे आणि मुलगी आहे हे कळल्यावर मलाही त्यांनी मुलीच्या नावाने उम्म केलं. 'दुख्तूरा', म्हणजे डॉक्टरबाई, यापेक्षा ते मला जास्त आवडलं.

आता कामातली अडचण सांगते. फिजिओथेरपीत पहिला प्रश्न असतो, कसं वाटतंय. आणि अरबीत 'कैफ हालिश'चं उत्तर एकच: 'अल्हम्दुलिल्लाह, बिखैर.' ईश्वराची स्तुती असो, बरं आहे. गुडघ्याला हात लावू देत नाही, पायरी चढताना डोळ्यांत पाणी येतंय, तरी उत्तर तेच. केस पेपरवर 'रुग्णाला बरं वाटत आहे' असं लिहून पुढे गेलं तर उपचारच चुकायचे. माझ्या वरिष्ठांनी रीत घालून दिली: 'अल्हम्दुलिल्लाह' पूर्ण होऊ दे, तूही एकदा 'अल्हम्दुलिल्लाह' म्हण, मगच विचार, 'वेन अल-अलम?' दुखतंय कुठे? मग सगळं बाहेर येतं. रात्री कितीदा जाग येते, नमाजाला बसता येतं की खुर्ची लागते, गुडघा कुठल्या अंशापर्यंत वाकतो. पहिलं उत्तर देवाला दिलेलं असतं, दुसरं मला. ते पहिलं मध्येच तोडलं की दुसरं नीट मिळत नाही, हा मी अनुभव घेतलेला आहे. आणि 'अल्हम्दुलिल्लाह' फक्त मुसलमानच म्हणतात असंही नाही, अरब ख्रिश्चनही रोज म्हणतात. आमची मिसरी ताई कॉप्टिक, म्हणजे इजिप्तमधल्या जुन्या पंथाची, ख्रिश्चन. ती बरेचदा त्याऐवजी 'नुश्कुर रब्बना' म्हणते, आमच्या प्रभूचे आभार. मी हिंदू असून ही वाक्यं म्हणते याचं निझ्वात कधीच कोणाला काही वाटलं नाही. उलट न म्हटलेलं खटकलं असतं.

'इन्शाअल्लाह'बद्दल मला मनापासून बोलायचं आहे, कारण आपल्या लोकांच्या गप्पांत त्याची फार चेष्टा होते. इन्शाअल्लाह म्हणाला म्हणजे काम होणार नाही असं समजायचं, असं नवख्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. मला हे पटत नाही. उद्याच्या कुठल्याही गोष्टीबद्दल 'मी हे करीन' असं, देवाची इच्छा असेल तर हे जोडल्याशिवाय म्हणू नये, हे कुराणाच्या अठराव्या सूरेतच आहे, सूरा कहफमध्ये. श्रद्धा असलेला माणूस उद्याची गोष्ट त्याशिवाय कशी करील? त्याला दुसरं वाक्यच उपलब्ध नाही. तेव्हा इन्शाअल्लाहवरून काही ताडायचं नसतं, त्याच्या पुढे काय येतं ते ऐकायचं असतं. पेशंटला मी विचारते, "व्यायाम रोज करणार ना?" तो म्हणतो, "इन्शाअल्लाह." मी विचारते, "केव्हा?" कोणी म्हणतो, "इन्शाअल्लाह, असरच्या नमाजानंतर." असर म्हणजे दुपार उलटल्यावरचा नमाज. हा करणार, नक्की करणार, कारण त्याने दिवसातली जागा ठरवली. कोणी नुसतंच पुन्हा "इन्शाअल्लाह, इन्शाअल्लाह" म्हणत छताकडे बघतो. त्याला घरी कोणी मदतीला आहे का ते विचारायचं, व्यायाम निम्मे करून द्यायचे. अपॉइंटमेंटही मी हल्ली घड्याळापेक्षा नमाजावर देते. 'असरनंतर' म्हटलं की माणूस येतो. 'साडेचार' म्हटलं की कधी येतो, कधी नाही.

आजारपणातले शब्द क्लिनिकमुळे आपोआप पक्के झाले. पडलेल्या-झडलेल्याला 'सलामात', किंवा 'मा तशूफ शर्र', वाईट काही बघायची वेळ न येवो. त्यावर उत्तर 'अश्शर्र मा यजीक', तुमच्याही वाटेला न येवो. ऑपरेशन होऊन आलेल्याला, प्रवासाहून आलेल्याला, बाळंतिणीला, सगळ्यांना 'अल्हम्दुलिल्लाह अलस्सलामा', सुखरूप आलात हे देवाचे उपकार. त्याचं उत्तर 'अल्लाह यसल्लिमक', बाईला 'यसल्लिमिक'. काम करत असलेल्या माणसाजवळून जाताना 'अल्लाह यअतीकल आफिया' म्हणतात, देव तुला ताकद देवो, आणि काम करणारा मान वर करून 'अल्लाह यआफीक' म्हणतो. सफाई करणाऱ्या बंगाली मुलापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना तेच. पेशंट बाहेर पडताना मला हे म्हणतात तेव्हा दिवसभराचा शीण खरंच कमी होतो. एक सावधगिरी मात्र: मोरोक्कोच्या माणसाला हे म्हणू नये. त्यांच्या बोलीत 'आफिया' म्हणजे आग. आमच्याकडे एक मोरोक्कन पेशंट येणार होत्या, तेव्हा मिसरी ताईने हे मला आधीच बजावून ठेवलं होतं.

घरी जाऊन उपचार करायला लागले तेव्हा खरी शाळा सुरू झाली. निझ्वाजवळच्या बह्लाच्या बाजूला, खजुराच्या बागेतल्या एका घरी मी गुडघ्याचा सांधा बदललेल्या वालिदाकडे जात असे. बागेतून फलजचं, म्हणजे तिथल्या पाटाचं, पाणी वाहायचं, दारात चपलांचा ढीग. एकदा मी तिचा पाय वाकवत होते आणि शेजारीण आली. आल्या आल्या तिने खोलीभर सलाम केला, मग उजवीकडून सुरुवात करून एकेकीचा हात हातात घेतला. प्रत्येकीशी तेच: कैफ हालिश, बिखैर अल्हम्दुलिल्लाह, तू कशी, मुलं कशी, घरचे कसे, तुझ्या आईचं कसं, आणि मग 'शी उलूम? शी अख्बार?' काही विशेष? काही बातमी? त्याला उत्तर 'मा शी', काही नाही. बातमी असली तरी आधी 'मा शी' म्हणायचं. असलेली बातमी कॉफी झाल्यावर सावकाश निघते. त्या दिवशी बातमी होती, शेजारणीच्या सुनेला मुलगा झाला होता, आणि ती सांगायला तिने अर्धा तास लावला. मी पाय हातात धरून थांबले होते. पहिल्यांदा माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. मग जाणवलं की वालिदाचा पाय बोलता बोलता एरवीपेक्षा सैल पडला आहे, आणि मी हळूच 'श्वय श्वय' म्हणत तो दहा अंश जास्त वाकवून घेतला. तेव्हापासून घरच्या सेशनला मी बोलणं थांबवायला सांगत नाही.

बाळाचा फोटो फिरला तेव्हा प्रत्येकीने आधी 'माशाअल्लाह' म्हटलं आणि मगच गोरा आहे, आजीवर गेला आहे वगैरे. कौतुकाआधी माशाअल्लाह यायलाच हवं, नाहीतर दृष्ट लागते. ही गोष्ट मला कोणी समजावून सांगावी लागली नाही. माझ्या आजीने माझ्या मुलीच्या कानामागे काजळाचं बोट लावलं होतं, कारण तेच. पेशंटची प्रगती सांगतानाही मी आता माशाअल्लाहने सुरुवात करते. "माशाअल्लाह, आज नव्वद अंश झाले." त्याशिवाय सांगितलं तर घरचे खूश होण्याऐवजी चपापतात.

मग 'तफद्दली' सुरू होतं. या, बसा, घ्या, आधी तुम्ही, सगळं त्या एका शब्दात. आधी फळं आणि ओमानी हलवा येतो, मग खजूर, मग वेलची घातलेला कडू कहवा. वाढणारीच्या डाव्या हातात दल्ला, म्हणजे कहव्याची किटली, उजव्या हातात छोटा फिंजान, म्हणजे कप, आणि तळ झाकेल एवढाच ओततात. रिकामा फिंजान नुसता पुढे केला तर तो पुन्हा भरला जातो. पुरे असेल तर मनगटातून दोन-तीनदा हलवून द्यायचा. शेवटी उदाचा धूर फिरवतात. त्यावर आखातात एक म्हण आहे, 'मा बाद अल-ऊद कुऊद': ऊद फिरला की बसणं संपलं. पाहुण्याला निघा असं कोणी म्हणत नाही, धूर म्हणतो. निघताना 'मअस्सलामा' किंवा 'फी अमानिल्लाह'.

ज्या वाक्यासाठी मी कधी तयारी केली नव्हती ते शिकायची वेळ जानेवारी २०२० मध्ये आली. १० जानेवारीला सुलतान काबूस गेले आणि बातमी ११ तारखेच्या पहाटे जाहीर झाली. १९७० पासून तेच राज्यावर होते. आमच्या पेशंटांतल्या कितीतरी जणांनी जाणतेपणी दुसरा राजा पाहिलाच नव्हता. तीन दिवस सगळं बंद होतं, चाळीस दिवस झेंडे अर्ध्यावर. क्लिनिक उघडायच्या आदल्या संध्याकाळी मी फार्मसीतल्या मुलीला फोन करून विचारलं, उद्या लोक आले की मी काय म्हणू? आपल्याकडे दुखवट्याला जातो तेव्हा बहुधा काही बोलत नाही, शेजारी बसून राहतो. तिने सांगितलं, इथे गप्प राहू नकोस, म्हणावं लागतं. 'अझ्झमल्लाहु अज्रकुम.' या दुःखाचं देव तुम्हाला मोठं फळ देवो. तिने ते तीनदा म्हटलं, मी तीनदा लिहिलं.

सकाळी पहिले आले ते खांद्याचे एक वालिद, शेतकरी, कायम मोठ्या आवाजात बोलणारे. डोक्याला मसर, म्हणजे ओमानी फेटा, नीट बांधलेला, पण आवाज नव्हता. मी 'सबाहल खैर' म्हटलं नाही. छातीवर हात ठेवला आणि ते वाक्य म्हटलं. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अज्रना व अज्रकुम." आम्हालाही आणि तुम्हालाही. नेहमीचंच उत्तर आहे, हजारो लोक त्या आठवड्यात एकमेकांना तेच देत होते. पण त्यात 'तुम्हालाही' होतं, आणि त्यांनी ते मला म्हटलं होतं, या देशात नोकरीला आलेल्या बाईला. मग त्यांनी खांदा दाखवायला सुरुवात केली, कारण तीन दिवस व्यायाम केला नव्हता आणि तो पुन्हा आखडला होता. दिवसभर मी त्या वाक्याने सुरुवात करत गेले. काही बायका उत्तर देताना रडल्या. मी त्यांच्यासोबत बसले, मग पाय, मग कंबर, जे असेल ते हातात घेतलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी करोना आला. हस्तांदोलन बंद, घरोघरी जाणं बंद, सगळ्यांचं छातीवर हात ठेवून सुरू झालं. बायका-पुरुषांत ते आधीपासूनच होतं, म्हणून मला नवीन वाटलं नाही. तोंडावर मास्क असताना शब्दच तेवढे उरतात, त्यामुळे त्या वर्षी माझी अरबी सर्वांत जास्त सुधारली.

मिसरी ताईची अरबी वेगळी, हे सांगायला हवं. ती 'कैफ हालिक' म्हणत नाही, 'इज्जैयिक' म्हणते. तिच्याकडे 'सबाहल खैर'ला 'सबाहल फुल्ल' चालतं, मोगऱ्याची सकाळ. कोणी केस कापून किंवा न्हाऊन आलं की ती 'नईमन' म्हणते आणि उत्तरात 'अल्लाह यिन्अम अलैकी' मिळेपर्यंत सोडत नाही. टीव्हीवरच्या मालिकांमुळे तिची बोली सगळ्या ओमानींना कळते, पण तिला वालिदांची बोली सुरुवातीला माझ्याइतकीच अवघड गेली होती, हे तिनेच सांगितलं. तेव्हा 'अरबी येते' असं मी म्हणत नाही. निझ्वाची थोडी येते.

गेल्या वर्षी सांगलीची एक मुलगी आमच्याकडे रुजू झाली. तिला मी वहीचं उजवं पान आधी पाठ करायला लावलं. चाचींचं म्हणणं तिला सांगितलंच. महिन्याभरात ती उत्तरं न अडखळता देऊ लागली, आणि पेशंटच तिला डावं पान शिकवू लागले. तिच्या 'अल्हम्दुलिल्लाह'मधला ह माझ्यापेक्षा चांगला आहे.

मी स्वतः सध्या फोनवरचं बोलणं सुधारते आहे. समोरासमोर हात, डोळे, छातीवरचा तळवा मदतीला असतात. फोनवर काहीच नसतं. विशेषतः निरोप. 'यल्ला, फी अमानिल्लाह' म्हटलं की मला वाटतं संपलं. पलीकडून येतं, 'मअस्सलामा, सल्लमी अलल अह्ल', घरच्यांना सलाम सांग. त्यावर 'यूसल', पोचेल. मग 'अल्लाह यह्फजिश', देव तुला सांभाळो. मग 'व इय्याश', तुलाही. आणि एवढं झाल्यावर मूळ काम आठवतं: उद्याची वेळ बदलायची होती, असरऐवजी मगरिबनंतर, सूर्यास्ताच्या नमाजानंतर, चालेल का?